मेळघाटांतील अंगारी

उन्हाळ्याच्या सुटींत चिखलदऱ्यास गेलेल्या मंडळींना एक देखावा पुष्कळदां पाहावयास मिळतो. रात्रीचीं जेवणें आटोपून ओट्यावर बसावें, तों समोरच्या डोंगराच्या कुशींत एक तांबूस रेघ उमटलेली दिसते. प्रथम ती स्थिर भासते. थोड्या वेळानें वर सरकल्यासारखी वाटते. मध्येंच तुटते व पुन्हां जुळते. मुलांना वाटतें, कोणी पणत्यांची ओळ लावली आहे. वडील माणसें म्हणतात, "वणवा लागलेला दिसतो," आणि बोलणें पुन्हां हवेच्या गारव्याकडे वळतें. त्या रेघेच्या अलीकडे, धुरांत, कांहीं माणसें ओल्या फांद्या हातांत घेऊन उभीं असतात, हें मात्र ओट्यावरून दिसत नाहीं. त्या माणसांविषयीं येथें लिहावयाचें आहे.

आगीचा विषय निघाला म्हणजे शहरांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें लाल बंब उभा राहतो. (आपल्याकडे न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबास आणि या बंबास एकच नांव पडावें ही गंमतच आहे, एकाच्या पोटांत विस्तव, दुसऱ्याच्या पोटांत पाणी!) अमरावती-अकोल्याकडे एखाद्या जिनांत रुईनें पेट घेतला कीं हा बंब घंटा वाजवीत निघतो. तेथें आग विझविणारांस रस्ता असतो, पाणी असतें, आणि आग कितीही मोठी झाली तरी ती एका आवारांतली असते. मेळघाटांत या तिन्ही गोष्टींचा अभाव. डोंगराच्या अंगावर बंब चढत नाहीं, चैत्र-वैशाखांत नाले कोरडे पडलेले असतात, आणि आगीस आवार म्हणून नसतेंच.

सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत वसलेलें हें अरण्य १९७३-७४ सालीं देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत घेतलें गेलें. आज प्रकल्पाचें एकंदर क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यांतील बहुतेक भाग अमरावती जिल्ह्यांत येतो; नरनाळ्याचा भाग अकोला जिल्ह्यांत आणि अंबाबरव्याचा बुलढाण्यांत मोडतो. झाडी मुख्यतः सागाची व पानझडी. माघ संपतां संपतां सागाचीं परातीएवढीं पानें गळूं लागतात, आणि महिन्याभरांत जमिनीवर घोट्याइतका थर सांचतो. त्यांतच उभें वाळलेलें गवत, पडलेले बांबू आणि घाणेरीचीं झुडपें. अशा थरावर एक ठिणगी पडली, तर पुढें काय होईल हें सांगावयास वनशास्त्र नको.

या डोंगरांशीं आपला संबंध केवळ हवा खाण्यापुरताच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या येथून निघून तापीस मिळतात. वानेवरील धरणाचें पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडे जातें, शहानूरचें अंजनगांव-दर्यापुराकडे. पानांचा थर जळून उघड्या पडलेल्या उतारावर पहिला वळीव कोसळला म्हणजे माती वाहून जाते, ती शेवटीं या धरणांच्याच तळाशीं बसते.

आतां या कामाचें वर्ष कसें जातें तें पाहूं. वनखात्याच्या लेखीं वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत. पण खरें काम दिवाळी सरतांच लागतें. अरण्याचे लहान-मोठे भाग पाडून त्यांच्या सीमांवरून, रस्त्यांच्या कडेनें, कोठें ६ तर कोठें १२ मीटर रुंदीचे पट्टे साफ करावयाचे. यांसच 'जाळरेषा' म्हणतात. प्रथम पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून घेतात व कापलेलें गवत मध्यें ओढतात. तें वाळलें म्हणजे वारा पडलेला पाहून, दोन्ही बाजूंस माणसें उभीं करून, मधला भाग जाळतात. आजूबाजूचें गवत अद्याप ओलसर असतें, म्हणून आग पट्ट्याबाहेर जात नाहीं. हें काम थंडीच्या दिवसांतच उरकावें लागतें. उशीर झाला तर जाळरेषा जाळतां जाळतां जंगलच पेटावयाचें, आणि असे प्रसंग घडलेलेही आहेत. राखण्याकरितां जाळावयाचें ही गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटते खरी. परंतु आग जळण्याजोगी वस्तु मिळेल तेथवरच जाते, या एका साध्या तत्त्वावर सारी युक्ति उभी आहे.

हंगाम सुरू झाला म्हणजे गांवोगांवचीं माणसें चार महिन्यांकरितां रोजंदारीवर घेतात. यांनाच 'अंगारी' म्हणतात. नांव मोठें अर्थपूर्ण आहे. बहुतेक जण कोरकू. वाटा, नाले, पाणवठे त्यांना तोंडपाठ. दिवसभर नेमलेल्या भागांत फिरावें, उंच मचाणावरून धूर पाहावा, धूर दिसतांच वनरक्षकास कळवावें आणि स्वतः तिकडे धांवावें, असा त्यांचा क्रम असतो.

आग लागते कशी, याविषयीं शहरांत एक समज रूढ आहे, कीं रानांत बांबूवर बांबू घासून वणवे पेटतात. मेळघाटांतील वणव्यांचें मूळ जवळजवळ नेहमींच माणसाच्या हातांत सांपडतें. मोहाचीं फुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचीं पानें जाळतात. ती आग राखली नाहीं तर पसरते. तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी, गुरांना कोंवळें गवत मिळावें, मधमाशा उठाव्यात, हरणांचीं गळलेलीं शिंगें उघड्यावर सहज दिसावींत, अशीं किती तरी कारणें आहेत. जंगलाला लागून असलेल्या शेतांचे धुरे जाळतांना आग आंत शिरते. आणि मोटारींतून जातां जातां टाकलेली विडी किंवा सिगारेट, नाल्याच्या कांठीं स्वयंपाक करून न विझवितां सोडलेली चूल, यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. दोष मात्र सरसकट कोरकूंच्या माथीं मारला जातो, हें मला न्याय्य वाटत नाहीं. मोह वेंचणें हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. सहलीची चूल हा कोणाच्याच पोटाचा प्रश्न नाहीं. झाडाखालचीं पानें झाडूनही काढतां येतात, आणि अलीकडे कांहीं ठिकाणीं झाडाखालीं जाळी बांधून फुलें झेलण्याचा उपाय निघाला आहे. त्यांत फूल स्वच्छ मिळतें, म्हणून भावही बरा येतो. अशी सोय झाली, तर आग लावण्याची गरज आपोआप कमी होते.

वणवा विझविण्याची विद्या पुस्तकांत थोडी व पायांत फार आहे. आग चढावर धांवते. उताराचा कोन दहा अंशांनीं वाढला कीं तिचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणून जळत्या डोंगराच्या माथ्यावर, आगीच्या तोंडासमोर, जाणता अंगारी कधीं उभा राहत नाहीं. तो मागच्या बाजूनें, जळून गेलेल्या जमिनीवरून येतो आणि आगीच्या दोन्ही कुशी दाबीत तोंडाकडे सरकतो. दुपारीं वारा व ऊन यांमुळें ती अनावर असते. तेव्हां केवळ पुढची जाळरेषा संभाळावयाची. खरी झुंज रात्रीं होते. हवा गार पडते, पाल्यास किंचित् ओल चढते, ज्वाळा गुडघ्याखालीं येतात, आणि मग ओल्या फांद्यांनीं झोडपीत, दाताळ्यानें पाला मागें ओढीत, आठ-दहा माणसें पहाटेपर्यंत मैल-दीड मैल रेघ विझवीत जातात. फांदी उंच उगारून मारली तर निखारे उडतात. ती जमिनीवर दाबून फिरवावी लागते. नवशिक्यास हें कळावयास एक रात्र पुरते.

आगच जर आटोपत नसेल तर 'उलट आग' लावतात. पुढच्या नाल्यावरून किंवा जाळरेषेवरून वणव्याच्या दिशेनें दुसरी आग सोडावयाची. दोन्ही समोरासमोर भिडल्या कीं जळावयास कांहीं उरत नाहीं. हें काम मोठ्या धोक्याचें. वाऱ्यानें घात केला तर एका वणव्याचे दोन होतात, म्हणून तें अनुभवी माणसाच्या हुकुमावांचून कोणीं करूं नये, असा दंडक आहे. आणि रेघ विझली म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. पडलेले ओंडके, पोकळ बुंधे दोन-दोन दिवस आंतून धुमसतात. त्यांतला एखादा उतारावरून गडगडत जाऊन खालचें रान पेटवतो. ही मागची राखण अत्यंत कंटाळवाणी असते, आणि तिच्याकडे झालेलें दुर्लक्ष सर्वांत महाग पडतें.

साधनांविषयीं बोलावयाचें तर फार दिवस हीं साधनें म्हणजे कुऱ्हाड, विळा, दाताळें आणि झाडाची फांदी एवढींच होतीं. मोठा पालट झाला तो पाठीवर बांधावयाच्या वाऱ्याच्या यंत्रानें. याला सर्वत्र 'ब्लोअर' हेंच नांव पडलें आहे. पेट्रोलवर चालणारें लहानसें एंजिन, त्यास जोडलेली लांब नळी, आणि नळीतून सुटणारा जोराचा झोत. त्या झोतानें पाला बाजूस उडवून पाहतां पाहतां वाट साफ होते. जेथें दहा माणसें दाताळ्यांनीं दिवसभर राबत, तेथें दोन यंत्रें तेवढें काम थोड्या वेळांत करतात. लहान ज्वाळाही या झोतानें विझतात. विस्तवावर फुंकर घातली तर तो पेटतो असा आपल्या स्वयंपाकघरांतला अनुभव, आणि येथें फुंकरीनें तो विझतो! कारण असें, कीं झोत पुरेसा जोरदार असला म्हणजे तो ज्वाळेस जळणापासून तोडतो आणि पाला मागें, जळून गेलेल्या जागेवर ढकलतो. कोन चुकला तर मात्र घरचाच अनुभव खरा ठरतो. शिवाय यंत्राचें ओझें, पेट्रोल वाहून नेण्याची जबाबदारी आणि कानठळ्या बसविणारा आवाज हे त्याचे दोष आहेतच. जवळच्या माणसाची हाक ऐकूं येत नाहीं, आणि वणव्यांत हाक ऐकूं न येणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

दुसरा पालट आकाशांतून झाला. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांनीं टिपलेल्या आगींच्या जागा राज्यांच्या वनखात्यांना कळवूं लागली. आरंभीं वापरलेल्या उपकरणाची नजर एक किलोमीटरच्या चौकोनाची होती. २०१७ पासून ३७५ मीटरच्या चौकोनाची नजर असलेलें दुसरें उपकरणही कामीं येऊं लागलें. संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाईलवर येतो. पूर्वीं तीन डोंगरांपलीकडचा धूर दुसऱ्या दिवशीं कळे, आतां तो कांहीं तासांत कळतो. पण उपग्रह ठराविक वेळींच माथ्यावरून जातो, आणि लहान आग त्याला दिसत नाहीं. मचाणावरचा अंगारी सकाळपासून तेथेंच असतो. त्याच्या नाकास धुराचा वास लागतो तेव्हां आग अजून घोंगडीएवढी असते.

या कामांत जीव जातात. ८ एप्रिल १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे, ८ एप्रिल २०२१ रोजीं, गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या जंगलांत वणवा विझवीत असतां तीन हंगामी मजूर मृत्यु पावले. आटोक्यांत येत असलेली आग वाऱ्यानें पुन्हां भडकली आणि तीं माणसें तींत सांपडलीं. विदर्भांतल्याच या घटनेनें हंगामी माणसाचें पायताण, अंगावरचा कपडा, विमा आणि शिकवण यांचा प्रश्न ऐरणीवर आला. यंत्राच्या खरेदीवर जेवढा भर असतो तेवढा यांवर नसतो, असें माझें मत आहे. सुती जाड कपडा, चामडी जोडा आणि पाण्याची पुरेशी सोय यांना यंत्राच्या मानानें खर्च तो किती!

माणसें हा तर या विषयाचा गाभाच. गाभ्यांतील गांवें उठवून दुसरीकडे वसविण्याचें धोरण मेळघाटांत चालू आहे. कोहा, कुंड व बोरी हीं गांवें प्रथम उठलीं, आणि लोक अकोटच्या बाजूस आले. त्यांच्या जुन्या शेतांवर आतां पुरुषभर गवत माजतें, हरणें व गवे तेथें चरतात. वन्य पशूंस हें सुखाचें झालें. पण तें गवत उन्हाळ्यांत उत्तम जळण होतें, आणि हाकेच्या अंतरावर फांदी घेऊन धांवणारें गांव राहिलेलें नसतें. ही बाजू लक्षांत घेऊन अशा कुरणांभोंवतालच्या जाळरेषा अधिक काळजीनें राखाव्या लागतात.

१९२७ च्या वनकायद्याच्या ७९ व्या कलमान्वयें जंगलांत हक्क असलेल्या माणसानें आगीची खबर देणें व ती विझविण्यास मदत करणें बंधनकारक आहे. बंधन घालून मदत मिळते, पण ती बेताची. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवसभेस आपल्या सामूहिक वनाचा सांभाळ करण्याचा अधिकार दिला, तेव्हां चित्र कसें पालटतें याचें उदाहरण मेळघाटच्या पायथ्याशींच आहे. अचलपूर तालुक्यांतील पायविहीर या लहानशा गांवास २०१२ सालीं असा हक्क मिळाला. गांवानें उजाड टेकडीवर झाडें लाविलीं, तोडीस व चराईस आळा घातला, वणव्यापासून राखण आरंभिली. पुढें त्याच टेकडीवरचीं सीताफळें गांवकरी स्वतः प्रतवारी करून बाहेरच्या बाजारांत विकूं लागले, आणि २०१४ सालीं जैवविविधतेच्या रक्षणाबद्दल गांवास राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. सीताफळाचें झाड जळलें तर कोणाचें नुकसान होईल, हें तेथें मुलांनाही सांगावें लागत नाहीं. खात्याचा अंगारी रोजावर असतो. पायविहीरचा माणूस आपल्या बागेवर असतो. दोघांचेंही काम एकच, पण रात्रीं दोन वाजतां धूर दिसल्यावर अंथरुणांतून उठण्याचा वेग सारखा नसतो.

मृगाचा पाऊस झडला म्हणजे हंगाम संपतो. ब्लोअरमधील पेट्रोल काढून तीं पुसून कोठारांत ठेवतात, दाताळ्यांचे दांडे तपासतात, मचाणावरचे गडी उतरून आपापल्या शेतांत पेरणीला लागतात. आठ-पंधरा दिवसांत काळ्या जाळरेषांवर हिरवी लव चढते. दिवाळीपर्यंत तेथें कमरेइतकें गवत होतें, आणि पुन्हां विळे परजावे लागतात.