भिंतीवरची हिशेबवही

नाताळचा सण सरत आला की घरोघरी नवी दिनदर्शिका येते. किराणा दुकानदार, बँक, पतपेढी, धर्मग्राम, जो तो आपापली भेट हाती ठेवतो. जुने कॅलेंडर खिळ्यावरून उतरते, नवे चढते. आणि पुढे बारा महिने आपण त्याजकडे पाहतो ते बहुधा सुट्टी कोणत्या वारी आली एवढेच जाणण्यासाठी. इतक्या उपयोगी वस्तूची एवढी उपेक्षा क्वचितच होत असेल.

या उपेक्षेचे मोल आम्ही स्वतः मोजले आहे. आमचे घर मंचेरियलचे. गोदावरीकाठचे, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. भोवती कोळशाच्या खाणी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आमचा भाग तेलुगू मुलुखात राहिला. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस राहिल्या. त्यामुळे आमच्या भिंतीवर एक सोडून तीन कॅलेंडरे असत: दुकानदाराचे तेलुगू, चंद्रपूरच्या पाहुण्यांनी आणलेले मराठी आणि धर्मग्रामाचे तिसरे. तेलुगू उगादी आणि मराठी पाडवा एकाच दिवशी येतात, तेवढ्यापुरते त्यांचे एकमत. एरवी प्रत्येकात एखादीच नोंद आणि तीही अर्धवट.

एका वर्षी आमच्या पुतणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. शेवटची तारीख आम्हीच एका चिठोऱ्यावर टिपून पाकिटात ठेवली. त्या आठवड्यात धाकट्या भावाची रात्रपाळी होती, घरी पाहुणे होते, आणि प्रत्येकास वाटले की अर्ज दुसऱ्याने दिला असेल. चिठोरा सापडला तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते. कचेरीचा दोष नव्हता. दोष सर्वस्वी आमचा होता. त्या वर्षीची रक्कम गेली आणि पोरीच्या पुस्तकांसाठी तिच्या आईने कानांतील फुले गहाण ठेवली. पोर एक अक्षर बोलली नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

कॅलेंडर हा शब्द मुळी लॅटिन आहे. रोमी लोकांत महिन्याच्या पहिल्या दिवसास ‘कॅलेंडे’ म्हणत. त्या दिवशी कर्जाचे व्याज भरावे लागे आणि सावकाराच्या हिशेबवहीस ‘कॅलेंडारियुम’ असे नाव होते. म्हणजे भिंतीवर टांगलेली ही वस्तू मूळची देण्याची वही होय. आम्हांस हा अर्थ फार मोलाचा वाटतो. लेकराची फी, पतपेढीचा हप्ता, आजारी आईचे औषध, दिवंगतांसाठी मिस्सा, शेजाऱ्यास दिलेला शब्द ही सारी आपली देणीच नव्हेत काय?

काळाच्या या हिशेबात ख्रिस्तसभा फार दक्ष राहिली. ज्युलिअस सीझरने घालून दिलेले वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे ती काय! परंतु शतकानुशतके साचता साचता त्यांचे दहा दिवस झाले आणि पुनरुत्थानाचा सण आपल्या ऋतूपासून ढळू लागला. शेवटी १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले. येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लाव्हियुस यांचा त्या कामी मोठा वाटा होता. त्या वर्षी ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्याच दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार, उजाडला. नेमक्या त्याच रात्री स्पेनमध्ये अविलाची संत तेरेजा प्रभूच्या घरी गेली. म्हणून तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो. पोपमहाशयांनी लेखणीच्या एका फटकाऱ्याने दहा दिवस जुळवून घेतले. आपल्या घरातून निसटलेले चार दिवस मात्र कोणत्याही लेखणीने परत येत नाहीत.

त्या प्रसंगानंतर आम्ही तीन कॅलेंडरांचे एक केले. ते स्वयंपाकघराच्या दारापाशी, मुलांचाही हात पोहोचेल अशा उंचीवर टांगले आणि शेजारी सुतळीने पेन्सिल बांधली. प्रथम रविवार आणि सणांचे दिवस राखून ठेवले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मंचेरियल हे सिरो-मलबार विधीच्या आदिलाबाद धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण. हा धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. या विधीत महाउपवासाचा आरंभ सोमवारी होतो, तर वसईच्या आप्तांकडे लॅटिन विधीप्रमाणे राखेच्या बुधवारी. २०२६ साली ईस्टर ५ एप्रिलला. म्हणून येथे उपवास १६ फेब्रुवारीस आणि तिकडे १८ फेब्रुवारीस. यास्तव छापील तारखेवर विसंबण्याआधी आपल्या धर्मगुरूंस विचारून घ्यावे.

सणांमागून भावाच्या खाणीतील पाळ्या लिहिल्या, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोपही घराने राखावी. मग हप्ते, परीक्षा, औषधे. मुदतीचे काम असेल तर शेवटच्या तारखेवर लिहून भागत नाही. आठ दिवस मागे मोजून तेथे ‘आज अर्ज द्यावा’ असे लिहावे आणि पुढे कोणी द्यावा त्याचे नाव. जे काम सर्वांचे, ते कोणाचेच नसते, हे आम्ही शिकलो आहोत. घरात तान्हे बाळ असेल तर लसीचे दिवस महिन्यांनी नव्हे, आठवड्यांनी मोजावे. जन्मानंतरच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांनी येतात. बाळ जन्मले त्या वारापासून तेवढे वार बोटाने मोजून खूण केली की अडाणी आजीसही दिवस सांगता येतो.

कोणी म्हणेल, आता मोबाइलमध्ये हे सारे आहे. आहे खरे, आणि आम्हीही तो वापरतो. परंतु खिशातील घंटा एकास ऐकू येते. भिंतीवरची नोंद साऱ्या घरास दिसते. शनिवारी संध्याकाळी जपमाळ झाली की आमच्याकडे घरातील एक मूल पुढच्या आठवड्याच्या नोंदी मोठ्याने वाचते. पाच मिनिटांचे काम. परंतु कोणावर किती भार आहे हे सर्वांस कळते आणि अर्धा भार तेथेच हलका होतो.

मात्र प्रत्येक चौकट भरून टाकण्याचा हव्यास नसावा. आजाऱ्याची विचारपूस, दारी आलेला पाहुणा, शेजारचे दुःख हे तारीख सांगून येत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्यात थोडी जागा कोरी ठेवावी. ते कोरेपण आळस नव्हे, आतिथ्य होय.

पुढल्या वर्षी पुतणीचा अर्ज मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला. त्या चौकटीत तिने स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली. तिच्या आईची फुले सोडवून आणली त्या दिवसाचीही नोंद तेथे आहे. ते कॅलेंडर आम्ही रद्दीत दिलेले नाही.