अर्धशक्तीपासून बेचाळीस किलोमीटरपर्यंत

व्यायामाचा उपदेश हा आपल्या नित्य चिकित्साकर्माचा भाग आहे. प्रमेह, स्थौल्य, आमवात अशा अनेक व्याधींत आपण रुग्णास चालण्यास सांगतो. परंतु सांगणे आणि घडवून आणणे यांत मोठे अंतर असते, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. हे अंतर एका शालेय शिक्षकाने कसे ओलांडले, आणि त्यातून आपण काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात पहिली मॅरेथॉन १९८६ च्या मार्च महिन्यात झाली. त्या शर्यतीत हॅरी शबॅझियन नावाचे एक शिक्षक धावले. शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत ते शिकवीत असत. अभ्यासात मागे पडलेल्या, केव्हाही शाळा सोडतील अशा मुलांसाठी ती शाळा होती. हा परिसर मुख्यतः मेक्सिकोतून आलेल्या श्रमिक कुटुंबांचा. दाटीची वस्ती, टोळ्यांची दहशत आणि अर्ध्यावर सुटलेली शिक्षणे हे त्या काळी तेथील मुलांच्या वाट्याचे वास्तव होते. आपल्याला या शर्यतीतून जे लाभले ते या मुलांनाही लाभावे, या विचाराने शबॅझियन यांनी विद्यार्थ्यांना आव्हान दिले : माझ्याबरोबर सराव करा आणि १९८७ ची मॅरेथॉन पूर्ण करा.

१९८९ मध्ये एरिक स्पिअर्स आणि पॉल ट्रपानी हे दोन शिक्षक त्यांना येऊन मिळाले. पुढे शहराच्या शालेय प्रशासनाने हा उपक्रम शाळागळती रोखण्याचे साधन म्हणून स्वीकारला आणि त्यातून ‘स्टुडंट्स रन एलए’ ही संस्था उभी राहिली. करोना महासाथीपूर्वीच्या काळात दरवर्षी तीन हजारांच्या घरात मुले-मुली तिच्यामार्फत सराव करीत. बूट, प्रवेशशुल्क, प्रवास यांपैकी कशाचाही भार मुलांवर पडत नाही. शर्यतीस उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी दहांत नऊहून अधिक मुले ती पूर्ण करतात आणि शेवटच्या वर्षातील जवळजवळ तेवढीच मुले शालेय शिक्षणही पूर्ण करतात, असे संस्था सांगते. टिकून राहणारी मुले मुळातच चिकाटीची असू शकतात, हे लक्षात घेऊन या आकड्यांकडे पाहावे. तरीही ज्या मुलांविषयी कोणासच आशा नव्हती तेथून हा प्रवास सुरू झाला, ही गोष्ट लहान नाही.

क्रम हेच औषध

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. कधीही न धावलेल्या मुलास हे अंतर सांगितले तर तो हसेल किंवा घाबरेल. म्हणून सराव शरद ऋतूच्या सुमारास सुरू होतो आणि वसंताच्या तोंडावरील शर्यतीपर्यंत सहा महिन्यांहून अधिक काळ चालतो. आरंभी चालणे आणि धावणे यांचे मिश्रण, मग पाच किलोमीटर, मग दहा, मग अर्धमॅरेथॉन अशा पायऱ्या येतात. आठवड्यातील बहुतेक दिवस थोडे आणि एक दिवस लांबचे, असा हा साधा नियम आहे.

वाचकांना येथे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेला पादांशिक क्रम आठवल्यावाचून राहणार नाही. अहिताचा त्याग आणि हिताचा स्वीकार एकदम न करता अंशाअंशाने करावा, म्हणजे लाभलेले गुण टिकतात, हे त्याचे तात्पर्य. बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार आचार्यांनी मानले. पैकी सहज बल वाटून देता येत नाही आणि कालज बल वय व ऋतू यांच्या स्वाधीन असते. शिक्षकाच्या किंवा वैद्याच्या हाती राहते ते आहार आणि चेष्टा यांच्या योजनेतून मिळणारे युक्तिकृत बल. शबॅझियन यांनी हा शब्द ऐकला नसेल, पण त्यांनी केले ते हेच.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. या उपक्रमात शिक्षक शिट्टी घेऊन कडेला उभा राहत नाही, तो मुलांबरोबर धावतो. त्याचेही पाय दुखतात आणि त्यालाही पहाटे उठावे लागते. सत्त्वबल वाढविण्याचा याहून सरळ उपाय आम्हांस दिसत नाही. रुग्णास चालण्यास सांगणाऱ्या वैद्याने स्वतः किती चालावे, हा प्रश्न येथे ज्याने त्याने मनाशी विचारावा.

शास्त्राचा इशारा

येथवर सर्वांचे एकमत होईल. खरा प्रश्न पुढे आहे. वाग्भटांनी बाल, वृद्ध, अजीर्णी आणि वातपित्ताचे रोगी यांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुतमताने सोळा वर्षांच्या आतील सारे बालच होत. चरकमतेही या वयापर्यंत धातू अपरिपक्व असतात. बलवान आणि स्निग्ध भोजन करणाऱ्यानेसुद्धा अर्धशक्तीनेच व्यायाम करावा, तोही शीत आणि वसंत ऋतूत, असा दंडक आहे. तो मोडणाऱ्यासाठी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत आचार्यांनी दिला आहे. लॉस एंजेलिसमध्ये मात्र सोळांहून लहान मुलेही पूर्ण मॅरेथॉन धावतात. मग हे कौतुक आपण कोणत्या तोंडाने करावे?

आमचे मत असे की, या शिक्षकाचा क्रम घ्यावा, त्याचे अंतर घेऊ नये. मोठ्या ध्येयावाचून मूल पहाटे उठणार नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु ध्येयाचा मोठेपणा किलोमीटरवर ठरत नाही, तो मुलाच्या आजच्या स्थितीवर ठरतो. चाळीच्या दोन जिन्यांनी दमणाऱ्या मुलीस सहा महिन्यांनी पाच किंवा दहा किलोमीटर धावणे हे बेचाळिसाइतकेच मोठे असते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्येही पूर्ण अंतरासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि ही अट शास्त्रास धरून आहे.

अर्धशक्ती ही मोजपट्टीने आखलेली रेषा नव्हे. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्ची पडले असे सुश्रुतांनी म्हटले आहे. कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येणे, तोंड कोरडे पडणे हीही लक्षणे सांगितली आहेत. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, असा आजच्या प्रशिक्षकांचा नियम आहे. दोहोंचा आशय एकच. क्रमाने सराव करणाऱ्याची ही सीमा महिन्यागणिक पुढे सरकते, म्हणून पादांशिक क्रम आणि अर्धशक्ती यांत विरोध नाही.

ऋतूचा विचारही करावा. मुंबईची शर्यत जानेवारीत असल्याने तिचा सराव पावसाळ्यात सुरू होतो आणि वर्षा ऋतूत अग्नी व बल दोन्ही मंद असतात. म्हणून आरंभीचे दोन महिने केवळ सवय लावण्यापुरते ठेवावेत. अंतराची खरी वाढ हेमंतात करावी.

दवाखान्यात व दुकानात

शाळेतून किंवा वस्तीतून असे मूल आपल्याकडे आले, तर प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आहार. शास्त्राने व्यायाम स्निग्धभोजीस सांगितला. चहा-बिस्किटांवर शाळेत येणाऱ्या मुलास धावावयास लावणे म्हणजे धातुक्षयास आमंत्रण होय. आधी दूध, डाळ, शेंगदाणे, भाकरी, तूप यांची सोय पाहावी, मग अंतर वाढवावे. मुलींमध्ये पांडुत्व आवर्जून तपासावे. सराव वाढताच मासिक पाळी थांबली, तर तो शिस्तीचा नव्हे, अन्न अपुरे पडत असल्याचा पुरावा समजावा.

दुसरी गोष्ट धोक्याची लक्षणे. श्रमात छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, घराण्यात तरुण वयात अकस्मात मृत्यू यांपैकी काही आढळल्यास हृदयरोगतज्ज्ञाच्या तपासणीवाचून परवानगी देऊ नये. ज्वर, अजीर्ण किंवा अतिसार असताना सराव बंद ठेवावा.

तिसरी गोष्ट पाणी. जितके प्यावे तितके चांगले, हा समज घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले आणि अतिरिक्त जलपान हे त्याचे प्रमुख कारण होते. तहानेनुसार प्यावे, हेच योग्य.

औषधविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती. शर्यतीच्या आदल्या दिवशी वेदनाशामक गोळ्या किंवा झटपट शक्ती देणारी पूड मागावयास ग्राहक येतात. श्रमाने व घामाने शरीर कोरडे पडलेले असताना अशा गोळ्या वृक्कास अपाय करू शकतात. शर्यतीच्या दिवशी कोणतेही नवे औषध, नवे अन्न, नवे बूट नकोत, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. एक विक्री कमी होईल, पण विश्वास वाढेल. त्याऐवजी सरावकाळात तीळतेलाने नित्य अभ्यंग आणि पुरेशी झोप यांचा आग्रह धरावा.

आपापल्या गावी एखादा शिक्षक मुलांना घेऊन धावत असेल, तर त्यास शोधून काढावे. तपासणी विनामूल्य करावी, आहाराचा सल्ला द्यावा आणि महिन्यातून एकदा मुलांची नाडी व वजन पाहावे. मुलांना धावण्याची गोडी तो शिक्षक लावील. त्या धावण्याची मात्रा ठरविणे हे आपले काम आहे, आणि ते आपल्यावाचून अडून राहू नये.