अर्धवट घडवलेले दागिने

जळगावच्या सराफ बाजारात दुकानामागच्या कारखान्यात डोकावलं तर दिसतं, की सगळे दागिने एकाच लगडीतून निघतात. कारागीर तिची तार ओढतो, तुकडे पाडतो, झाळतो आणि शेवटी उजळतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अहोरात्र हेच करत असतात. एकेक ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची आणि तिची लगड म्हणजे कोलेस्टेरॉल! ज्याच्या नावाने आपण तूप-लोणी बाजूला सारतो, तेच.

कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन असतात. ग्रंथीतली एन्झाइम्स त्यातले सहा छाटतात, ठरल्या जागी ऑक्सिजन बसवतात आणि २१ कार्बनांचं कोर्टिसॉल हे स्टेरॉईड संप्रेरक तयार होतं. सकाळी आपल्याला उठवून उभं करणारं, आजारपणात तगवून धरणारं ते हेच. बाहेरच्या थरात मिठाचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉन घडतं. आतल्या थरात आणखी दोन कार्बन कापून पुरुषी संप्रेरकं होतात, आणि ती बायकांच्या अंगातही असतात.

या ग्रंथीच्या सालीचा कॅन्सर फार विरळा. जगातल्या नोंदी पाहता दहा लाखांत वर्षाला एक-दोन जणांना तो होतो. २०११च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे मिळून सुमारे ६३ लाख लोक होते. त्या हिशेबाने या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला सहा ते बारा रुग्ण. पण गाठ झालेली पेशी आपलं घराणं पुरतं विसरत नाही. निम्म्याहून अधिक गाठी संप्रेरकं बनवतच राहतात, मालकाला न विचारता. मग चेहरा गोल होतो, हातपाय काटक्यांसारखे बारीक, पोटावर जांभळे पट्टे, साखर आणि रक्तदाब चढलेला. एखाद्या बाईला दाढी येते, आवाज घोगरा होतो. (सांधेदुखीवरच्या पुड्यांत लपवलेलं स्टेरॉईड महिनोन्महिने पोटात गेलं तरी चेहरा असाच सुजतो, आणि ती गोष्ट मुळीच विरळा नाही.)

मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. या गाठी पुष्कळदा दहा सेंटिमीटरहून मोठ्या असतात, तरी वजनाच्या मानाने त्यांचा तयार माल थोडाच. हुन्नर आठवतो, पण शेवटचा हात फिरवायला जमत नाही. कोर्टिसॉल होण्याच्या फक्त एक पायरी आधी ११-डीऑक्सीकोर्टिसॉल असतं. उजळायचा राहिलेला दागिनाच तो. गाठ असा कच्चा माल ढिगाने बाहेर टाकते आणि तो लघवीत उतरतो. २०११ साली बर्मिंगहॅममध्ये वीबके आर्ल्ट यांच्या गटाने रुग्णांच्या चोवीस तासांच्या लघवीत ३२ स्टेरॉईडं मोजली. साधी गाठ कुठली आणि कॅन्सरची कुठली, हे सगळ्यात ठळकपणे सांगितलं ते याच अर्धवट मालाच्या अवशेषाने. सुई नाही, चीर नाही. एका कॅनमधल्या लघवीवरून कारागिराची चूक ओळखली गेली.

शस्त्रक्रियेने गाठ काढणं हाच मुख्य उपाय. औषधाची कथा मात्र आपल्या घराच्या भिंतीपाशी येते. १९५३मध्ये देशात हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि गावोगाव घरं डीडीटीने फवारली गेली. कपाशीवरही ते मारलं जाई. त्याच्या काही वर्षं आधी, १९४९ला, अमेरिकेत डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी कुत्र्यांना खाऊ घालून पाहिलं होतं. त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींची साल नेमकी झडून गेली! त्याच रसायनाचा एक प्रकार म्हणजे मायटोटेन. १९७०मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि आजही या कॅन्सरवर तेच मुख्य औषध आहे.

पण मायटोटेन निरोगी ग्रंथीलाही सोडत नाही. म्हणून ज्याच्या अंगात कोर्टिसॉलचा पूर आला होता, त्याच रुग्णाला आता तेच कोर्टिसॉल हायड्रोकॉर्टिसोन या नावाने गोळीतून घ्यावं लागतं. सकाळी जास्त, दुपारनंतर कमी. पाच ग्रॅमची ग्रंथी जे वेळापत्रक आपसूक पाळत होती, ते आता घड्याळ बघून पाळायचं.