मुंबईच्या क्लबने सोडलेला मिडफिल्डर भारताचा कोच कसा झाला?

जोगेश्वरीला लागूनच असलेल्या अंधेरी क्रीडा संकुलात आता मुंबई सिटीच्या सामन्यांना गर्दी होते. पण त्याआधी आय-लीगमध्ये शहराचा आणखी एक क्लब होता, मुंबई एफसी. खालिद जमील याच क्लबमध्ये कोच म्हणून घडले.

कोण आहेत खालिद जमील?

जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धामुळे कुटुंब मुंबईत आलं. मिडफिल्डर म्हणून ते महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले, भारताची जर्सीही घातली. कोलकात्याच्या बड्या क्लबांना मात्र त्यांनी नकार दिला, कारण तिथे प्रायोजक मद्य कंपन्या होत्या.

खेळणं का थांबलं?

दुखापतींमुळे. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले आणि सात वर्षं संघ आय-लीगमध्ये टिकवला. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

पुढे काय झालं?

पुढच्याच मोसमात जमील यांच्या ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातला हा पहिला विजेता क्लब. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला, लीगबाहेर गेला आणि नंतर बंदच पडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे कोच झाले. १३ वर्षांनी हे पद भारतीयाकडे आलं. सुरुवातीलाच संघाने काफा नेशन्स कपमध्ये तिसरं स्थान मिळवलं, पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हरल्याने २०२७ च्या आशिया कपची संधी हुकली.

म्हणजे जमील यांच्यापुढचं काम पुन्हा तेच, अडचणीतला संघ उभा करण्याचं.