'बोलली' म्हणजे नक्की काय केलं?

आजचा एपिसोड एकाच क्रियापदावर आहे: बोलणे.

मी मीरा रोडचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे सगळेच 'बोलतात'. मित्र बोलला, बॉस बोलला, रिक्षावाला बोलला. म्हणाला, सांगितलं, विचारलं ही सगळी कामं आम्ही एकट्या 'बोलला'वर टाकलीत. कोडमध्ये प्रत्येक व्हेरिएबलला 'डेटा' नाव द्यावं तसं. कोड चालतो, पण नंतर वाचणारा अडकतो.

मागच्या पावसाळ्यात आजी आमच्याकडे होती, आजारी. सांगलीचे काका तिला भेटायला निघणार होते. मी मेसेज टाकला: 'आजी मला बोलली, त्याला येऊ नको म्हणून सांग.' माझ्या हिशेबाने हा साधा निरोप. पण तिकडे 'मला बोलली' म्हणजे मला रागावली. 'बोलणी खाणे' त्यातलंच. काकांना वाटलं, आई चिडलीय, तिला आपण नको आहोत. चार दिवस त्यांनी फोन उचलला नाही. इकडे आजी रोज विचारायची, "त्याचा फोन आला का रे?"

खरं तर बाहेरचा पाऊस बघून तिने मला विनवलं होतं. तेवढा एक शब्द मी लिहायला हवा होता. पाचव्या दिवशी तिच्याच आवाजातली व्हॉइस नोट पाठवली. काका त्याच रात्री निघाले.

तेव्हापासून 'बोलला' टाइप करण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो.

१. आवाज कसा होता? कानाशी लागून असेल तर कुजबुजली. स्वतःशीच असेल तर पुटपुटली. अंगावर आल्यासारखा असेल तर खेकसली.

२. समोरच्याशी कशी वागली? दरडावून असेल तर खडसावलं. भीडभाड न ठेवता असेल तर सुनावलं. काकुळतीने असेल तर विनवलं.

३. तिची अवस्था काय होती? शब्द अडत असतील तर चाचरली. तापात काहीबाही असेल तर बरळली. नाराजी असेल तर कुरकुरली.

इथे एक बग सांभाळा. 'ती पुटपुटली', पण 'तिने सुनावलं'. क्रियापद बदललं की कर्त्याचा 'ने' पण तपासायचा.

आणि अति नको. गोष्ट लिहिताना प्रत्येक संवादामागे नवा शब्द लावलात तर नाटकी वाटतं. बहुतेक वेळा साधं 'म्हणाली' पुरतं. सूर चुकला तर अर्थ बदलणार असेल, तिथेच नेमका शब्द शोधा.

शब्दाची शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे, फोनवरही फुकट शोधता येते.

आजचा गृहपाठ: तुमच्या चॅटमधला शेवटचा 'बोलला' शोधा. त्याने नक्की काय केलं होतं? भेटू पुढच्या एपिसोडला!