पेशींची पानगळ : एक संज्ञा व तिच्या मर्यादा

कर्करोगावरील संशोधनात 'ॲपॉप्टोसिस' ही संज्ञा वारंवार येते. केर, वायली व करी या विकृतिशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ती प्रचारात आणली. सुचविली मात्र ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे, हा तिचा मूळ अर्थ. या मरणात पेशी फुटून सांडत नाही. ती आक्रसते, तिचे आवरणबद्ध तुकडे होतात व शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. रक्तपुरवठा तुटून पेशी मरते तेव्हा होणारा दाह येथे सहसा नसतो. मराठीत दोहोंसही 'पेशीमृत्यू' म्हटले की हा भेद बुजतो. पहिल्यास 'पेशीगळ' म्हणावयास हरकत नसावी.

कर्कपेशी ही गळ टाळते. औषधाने ती घडवून आणावी लागते. परंतु मरण असे निमूटपणे आले, तर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस त्याची वार्ता लागावी कशी? २००५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी डॉक्सोरुबिसिन या औषधाने मारलेल्या कर्कपेशी उंदरांना टोचल्या, तेव्हा पुढे टोचलेल्या त्याच जातीच्या जिवंत कर्कपेशींपासून त्यांचे संरक्षण झाले. कारण २००७ मध्ये उलगडले. एरवी पेशीच्या अंतर्भागी असणारे कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन अशा वेळी पृष्ठभागावर येते. ती खूण ओळखून भक्षक पेशी मृत पेशीचे अंश गिळतात व टी-पेशींस त्यांची ओळख करून देतात. म्हणजे ही पानगळ सर्वदा मूक नसते. रूपकाची मर्यादा ती हीच.

याच डॉक्सोरुबिसिनास स्निग्ध आवरणात कोंडून सुमारे १०० नॅनोमीटरचे कण बनविण्यात आले व अमेरिकेत १९९५ मध्ये त्यांस मान्यता मिळाली. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश, 'नॅनो'चे मूळही ग्रीकच, अर्थ खुजा.) औषध कोंडल्याने हृदयास होणारी इजा घटते. अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने कण तेथे झिरपतील ही अपेक्षा होती. पुढे कणांच्या पृष्ठावर प्रतिपिंडे बसवून कर्कपेशीवरील विशिष्ट ग्राहकांस ते चिकटावेत अशी योजना झाली. यांस 'लक्ष्यवेधी' म्हणण्याचा प्रघात आहे, तो मला अतिशयोक्त वाटतो. दहा वर्षांतील प्रयोगांचे टोरांटो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये परीक्षण केले, त्यात दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणारा अंश मध्यकाने शेकडा ०.७ भरला, ग्राहकांचा नेम धरणाऱ्या कणांचा ०.९, इतरांचा ०.६. उरलेल्यांपैकी बराच भाग यकृत व प्लीहा अडवितात.

तथापि एवढ्याशा अंशाने घडलेले मरण बोलके असेल, तर टी-पेशी ती ओळख घेऊन कण न पोहोचलेल्या अर्बुदांपर्यंतही जाऊ शकतात. म्हणूनच मारक औषध व प्रतिकार-उत्तेजक द्रव्य एकाच कणात घालण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांतील बहुतेक अद्याप उंदरांवरचेच आहेत, आणि उंदराचे अर्बुद काही आठवड्यांत वाढते, माणसाचे पुष्कळदा अनेक वर्षांत.