स्लाइडच्या तळाशी राहिलेला इशारा

व्यावसायिक अहवाल कितीही अचूक असला, तरी त्यातील कोणती बाब निर्णायक आहे हे वाचणाऱ्याला कळले नाही, तर ती अचूकता वाया जाते. आणि याचे अमेरिकेतील सर्वांत वेदनादायक उदाहरण म्हणजे कोलंबिया अवकाशयानाविषयीची एक स्लाइड होय. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील उष्णतारोधक फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर अवकाशात असतानाच बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज बांधला आणि तो नासाला पॉवरपॉइंटमधून, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या त्रोटक मुद्द्यांच्या रूपात, सादर केला.

त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. मात्र अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात, अशी नोंद होती की चाचण्यांतील फोमचे तुकडे ३ घन इंचांचे होते आणि यानावर आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा होता. तुकडा ६४० पट मोठा असल्यामुळे या चाचण्यांवरून यान सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही, हे एकच पूर्ण वाक्य तेथे हवे होते. १ फेब्रुवारीला परतीच्या प्रवासात यान नष्ट झाले. स्पष्ट लेखनाने सातही जण निश्चित वाचले असते असे म्हणता येत नाही, कारण पंखाची छायाचित्रे मिळवण्याची अभियंत्यांची मागणीही पुढे नेली गेली नव्हती. तरीही ही स्लाइड वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका न उमगणे सहज शक्य होते, असे चौकशी मंडळाने नमूद केले आणि तांत्रिक अहवालांची जागा स्लाइडांनी घेतल्याबद्दल नापसंती व्यक्त केली.

मुद्द्यांच्या यादीत ‘कारण’, ‘परंतु’, ‘म्हणून’ हे शब्द गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर विचारांची साखळीही तुटते. या स्लाइडचे विश्लेषण करणारे येल विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांची टीका मुख्यतः याच मांडणीवर होती. तिचा प्रभाव ॲमेझॉनपर्यंत पोहोचला. २००४ मध्ये कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले आणि त्याऐवजी सलग परिच्छेदांत लिहिलेली, पुढे सहा पानांपर्यंत मर्यादित झालेली टिपणे आणली. बैठकीच्या आरंभी सर्वांनी ती तेथेच शांतपणे वाचायची, म्हणजे न वाचता मत देण्याची सोय कोणालाच उरत नाही.